'सरंजाम' या एका शब्दाची गोष्ट आणि आपला अर्ज

(सिल्वासा इथे तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय.)



बेळगाव, निपाणी, खानापूरकडची मंडळी रात्रभर प्रवास करून वापीला उतरलीत आणि तिथून रिक्षाने इथवर आलीत. तलासरी, उंबरगावची पोरं तर शेजारचीच. सगळ्यांचं आमच्या गावात स्वागत. नकाशावर सिल्वासा, बोलताना आम्ही सेलवास म्हणतो. गाव एकच.

मी साहित्यिक नाही, प्राध्यापकही नाही. माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. वडील जव्हारकडून इथे आले, मी इथल्याच मराठी शाळेत शिकलो. गेली पंचवीसेक वर्षं लोकांचे अर्ज टाइप करतोय. रेशनकार्डाचे, जमिनीचे, दाखल्याचे, बदलीचे. कुठला अर्ज साहेब शेवटपर्यंत वाचतात आणि कुठला दुसऱ्या ओळीलाच बाजूला ठेवतात, हे बघून बघून कळायला लागलं. आयोजकांनी मला विषय दिला, 'पटवून देणाऱ्या लिखाणातल्या युक्त्या आणि त्यांची नावं'. मी म्हटलं, मला नावं येतात ती फक्त दहावीच्या व्याकरणातली. ते म्हणाले, "काका, तीच सांगा."

तर सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी इकडच्या एका पाड्यावरच्या शाळेतला मराठीचा वर्ग बंद होणार अशी कुणकुण लागली. पहिली ते चौथी मिळून बावीस मुलं होती. पालक माझ्या दुकानात आले. मी त्या रात्री जीव ओतून अर्ज लिहिला. 'मायमराठीचा गळा घोटला जात आहे.' 'चिमुकल्यांच्या भविष्यावर वरवंटा फिरवला जात आहे.' 'हे आम्ही कदापि सहन करणार नाही.' दोन पानं भरली. पालकांना वाचून दाखवला तेव्हा एका आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात साहेबांनी तो उभ्या उभ्या वाचला. शांत माणूस, मराठी समजणारा. म्हणाले, "काका, भावना कळल्या. पण तुम्हाला हवंय काय? वर्ग कुठला, मुलं किती, शिक्षक कधीपासून नाही, यातलं इथे काहीच नाही."

मी अर्ज परत हातात घेऊन बघितला. दोन पानांत मी शाळेचं नावसुद्धा लिहिलं नव्हतं.

अर्जावर आवकचा शिक्का बसला, उत्तर आलं नाही. जूनमध्ये वर्ग भरला नाही. बावीसपैकी सतरा मुलं दुसऱ्या माध्यमात गेली. पाच घरीच राहिली. दुसरा अर्ज आम्ही वर्षभराने केला, त्याचं काय झालं ते शेवटी सांगतो. पण त्या दिवशी घरी येऊन मी मुलाचं दहावीचं व्याकरणाचं पुस्तक काढलं आणि माझाच अर्ज त्याच्याशेजारी ठेवून वाचला. 'मायमराठीचा गळा': चेतनगुणोक्ती. निर्जीव गोष्टीला माणूस केलं. 'भविष्यावर वरवंटा': रूपक. 'कदापि सहन करणार नाही': धमकी, आणि तीही पोकळ, कारण सहन केलं नाही तर आम्ही करणार काय ते आम्हालाच माहीत नव्हतं. सगळे दागिने होते. अंगच नव्हतं.

शाळेत अलंकार आपण एका-दोन मार्कांसाठी शिकतो. ओळ दिली की नाव ओळखायचं, लक्षण लिहायचं, पुढे जायचं. पण हे अलंकार कवितेपेक्षा जास्त निवडणुकीच्या पत्रकात, सरकारी खुलाशात आणि आपल्या मोबाईलवर भेटतात. ज्याला नाव माहीत असतं त्याला तो पटकन पकडता येतो. आणि आपणच तो वापरत असलो तर स्वतःलाही पकडता येतं. एवढंच आज सांगायचंय.

आता तुमच्या-माझ्या रक्तातली एक घोषणा घ्या. 'बेळगाव, कारवार, बिदर, भालकी, निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' तुमच्या आजोबांनी दिली, वडिलांनी दिली, तुम्ही दिली. ती इतकी वर्षं टिकली कशी? एक, त्यात गावांची नावं आहेत. 'सीमाभाग' म्हटलं की डोळ्यांसमोर काही येत नाही, 'निपाणी' म्हटलं की बसस्टँड येतो, तंबाखूचा वास येतो. दोन, बेळगाव, बिदर, भालकी, हा ब-भ चा अनुप्रास, चालताना पाय आपोआप पडतात. तीन, आणि सगळ्यात मोठं, तो 'च'. 'झाला पाहिजे' ही इच्छा आहे, 'झालाच पाहिजे' हा निर्धार. एका अक्षराचं काम! टिळकांचं स्वराज्याबद्दलचं वाक्य आठवा, 'तो मी मिळवणारच'. तिथेही शेवटी हाच 'च' बसलाय. ही आपल्या भाषेची खास ताकद आहे.

पण हीच घोषणा अर्जात लिहिली तर? साहेब विचारतील, का झालाच पाहिजे?

आपल्याकडे न्यायशास्त्रात युक्तिवादाचे पाच अवयव सांगितलेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. नावं जड आहेत, गोष्ट सोपी आहे. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कशावरून? धूर दिसतोय, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसं आपल्या स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून तिथे आग आहे, हे निगमन. झालं.

या मापाने बघितलं तर घोषणा म्हणजे नुसती प्रतिज्ञा. ती खोटी नसते, अपुरी असते. सीमाप्रश्नात तिच्यामागे हेतू उभा करायचं काम ज्यांनी केलं, त्यांनी चार निकष मांडले: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुमत आणि लोकेच्छा. मोर्चात हे चार शब्द कोणी ओरडत नाही, पण 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला तो अशा मुद्द्यांच्या भरवशावर. रस्त्यावर 'च' लागतो, कोर्टात 'कारण' लागतं. दोन्ही हवेत, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

कोर्टाचा विषय निघालाय, तर तुम्ही आत्ता ज्या जमिनीवर बसलात तिचीच गोष्ट सांगतो. इथल्या शाळेत मुक्तिसंग्राम शिकवतात, पण हा भाग सहसा राहून जातो.

दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांकडे होतं. 1954 च्या जुलैत दादरा मोकळं झालं, मग नरोली, आणि 2 ऑगस्टला सिल्वासा. गोव्याचे, महाराष्ट्राचे तरुण त्यात होते. सुधीर फडक्यांसारखा गायक-संगीतकारही त्या मोहिमेत होता. ही बंदुकीची आणि धाडसाची बाजू झाली. पण लढाई तिथे संपली नाही. डिसेंबर 1955 मध्ये पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. म्हणणं असं की दमणहून या भागात यायला आम्हाला भारताच्या हद्दीतून वाट होती, तो आमचा हक्क होता, भारताने तो अडवला म्हणून आमचा मुलूख गेला.

आता पोर्तुगालची एक युक्ती बघा. 1951 साली त्यांनी आपली राज्यघटना बदलली आणि 'वसाहत' हा शब्द काढून 'सागरापारचा प्रांत' असा शब्द घातला. माणसं तीच, कारभार तोच, लिस्बनचा हुकूम तोच. शब्द तेवढा बदलला. जग वसाहती सोडा म्हणायला लागलं, तर हे म्हणणार, आमच्याकडे वसाहतच नाही, आमचा प्रांत आहे. व्याकरणात याला काय म्हणतात? दहावीवाल्यांनो?

अपन्हुती! जे आहे ते नाकारायचं आणि हे ते नव्हेच, हे दुसरंच आहे, असं ठासून सांगायचं. कवितेत 'हे डोळे नाहीत, कमळं आहेत' म्हटलं तर कोणाचं काही बिघडत नाही. घटनेत म्हटलं तर लाखो माणसांचं आयुष्य बिघडतं. पुढे कधी कुठल्या पत्रकात वाचलंत की 'शाळा बंद केलेली नाही, तिचं समायोजन केलेलं आहे', तर लगेच मनात म्हणा: अपन्हुती. मग पुढचा प्रश्न विचारा: बरं, समायोजन झालं, पण मुलाला चालत किती लांब जावं लागतं?

हेगमध्ये भारताने काय केलं? 'पोर्तुगीज जुलमी आहेत' एवढ्यावर केस लढवली नाही. भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड यांच्यासारखे वकील होते. त्यांची बाजू एका जुन्या कागदावर आणि एका मराठी शब्दावर गेली. 17 डिसेंबर 1779 रोजी पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला होता. त्यात पोर्तुगिजांना बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं द्यायचं ठरलं. त्याप्रमाणे 1783 आणि 1785 च्या सनदांनी ही गावं दिली गेली. पोर्तुगाल म्हणालं, दिली म्हणजे आम्ही मालक, सार्वभौम. भारत म्हणाला, थांबा. मराठ्यांनी दिला तो सरंजाम. सरंजाम म्हणजे गावाचा महसूल खायचा हक्क. गाव देणाऱ्याचंच राहतं, उत्पन्न तेवढं घेणाऱ्याचं.

आपल्याकडे शिंदे, होळकर, पटवर्धन, कितीतरी घराण्यांना सरंजाम होते. आपल्याला हा शब्द इतिहासाच्या धड्यातला. पण हेगच्या न्यायाधीशांसमोर तो शब्द सोडवून ठेवायचा होता. आणि न्यायालयाने ते मान्य केलं! 12 एप्रिल 1960 च्या निकालात म्हटलंय की मराठ्यांचा हेतू जहागीर किंवा सरंजाम देण्याचा होता, सार्वभौमत्व देण्याचा नव्हता. कुण्या कारकुनाने पुण्याच्या दफ्तरात लिहिलेला शब्द पावणेदोनशे वर्षांनी युरोपातल्या कोर्टात उभा राहिला.

पण इथे मी तुम्हाला अर्धी गोष्ट सांगून टाळ्या घेऊ शकतो. तीही एक युक्तीच आहे, आणि सगळ्यात वाईट. म्हणून उरलेली अर्धी ऐका. न्यायालय पुढे म्हणालं, मराठ्यांनंतर इंग्रज आले, त्यांनी पोर्तुगिजांना इथले सत्ताधीश म्हणून वागवलं, आणि नंतर भारतानेही ते मुकाट्याने चालू दिलं. म्हणजे शब्दाचा अर्थ आपल्या बाजूने लागला, तरी मधल्या काळातल्या वागण्याने तो मुद्दा पातळ झाला. साध्या माणसांना, मुलकी अधिकाऱ्यांना आणि मालाला या वाटेने जायचा हक्क पोर्तुगालला होता, असं न्यायालयाने 11 विरुद्ध 4 मतांनी ठरवलं. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं नेण्याचा हक्क नव्हता, हे ठरलं 8 विरुद्ध 7 मतांनी. एका मताने! आणि भारताने आपलं कर्तव्य मोडलेलं नाही, हे 9 विरुद्ध 6 ने.

आता त्या एका मताच्या निकालामागचं कारण बघा, कारण ते आपल्या कामाचं आहे. न्यायालयाने सव्वाशे वर्षांचा व्यवहार तपासला. साधी माणसं परवानगीशिवाय ये-जा करत होती, म्हणून तो हक्क. सैन्य न्यायचं असलं की मात्र आधी परवानगी लागत होती. आणि जिथे दर वेळी परवानगी लागते, तिथे हक्क आहे असं म्हणता येत नाही. पोर्तुगालला त्याच्याच जुन्या परवानग्या नडल्या.

मी अर्ज टाइप करणारा माणूस. हे वाचलं तेव्हा मी थांबलोच. आमच्या पहिल्या अर्जाच्या शेवटी मी काय लिहिलं होतं? दोन पानं डरकाळ्या फोडून शेवटी, 'तरी कृपा करून मराठी वर्ग चालू ठेवण्याची परवानगी द्यावी ही नम्र विनंती.' परवानगी! भारतीय राज्यघटनेच्या कलम 350-ए मध्ये म्हटलंय की भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्य आणि स्थानिक संस्था करील. आणि कलम 350 प्रमाणे, गाऱ्हाणं मांडण्यासाठी आपण संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत अर्ज करू शकतो. म्हणजे जे मागायचा आधार कागदावर होता, ते मी उपकार म्हणून मागत होतो. आवाज मोठा आणि शब्द लाचार. नम्र राहायला हरकत नाही, नम्र राहावंच. पण 'परवानगी द्यावी' आणि 'कलम 350-ए नुसार सोय करावी' यात फरक आहे. तसंच, त्या कलमात 'प्रयत्न करील' असे शब्द आहेत, 'देईलच' असे नाहीत. आपण 'देईलच' असं लिहिलं तर समोरचा कायदा उघडून आपल्याला खोटं पाडेल. 'च' कुठे घालायचा हे जसं कळावं लागतं, तसं कुठे घालायचा नाही हेही कळावं लागतं.

आता दोन-तीन हत्यारं पटपट सांगतो.

उत्तर नको असलेला प्रश्न. 6 जुलै 1897 च्या 'केसरी'तल्या टिळकांच्या अग्रलेखाचं शीर्षक होतं, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' पुण्यात प्लेगच्या नावाखाली घराघरांत शिरून जे चाललं होतं, त्या पार्श्वभूमीवर. प्रश्न विचारलाय, पण उत्तर वाचणाऱ्याच्या तोंडात आधीच आलंय. वाचणारा स्वतःच म्हणतो, 'नाही!' लेखकाने सांगितलेलं माणूस विसरतो, स्वतः दिलेलं उत्तर विसरत नाही. म्हणून हा प्रश्न सभेत, लेखात चालतो. अर्जात घालू नका. अर्जातला प्रश्न साहेबाला खराच वाटतो आणि तो 'नाही' ऐवजी 'हो' म्हणून मोकळा होतो.

व्याजस्तुती. वरून स्तुती, आतून निंदा. शिवराम महादेव परांजपे यांच्या 'काळ' साप्ताहिकाची ही खासियत. उघड बोललं तर राजद्रोह, म्हणून इंग्रजांचं कौतुक करता करता सोलून काढायचं. वाचणाऱ्याला बरोबर कळायचं. सरकारलाही कळलंच, 1908 साली त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला होऊन शिक्षा झाली. आज तुम्ही जे मीम टाकता, त्यातले निम्मे व्याजस्तुती असतात. पण लक्षात ठेवा, उपरोध आपल्याच माणसाला कळतो. जो आधीच आपल्या बाजूचा आहे तो हसतो, जो कुंपणावर आहे तो दुखावतो किंवा गोंधळतो.

अर्थान्तरन्यास. एका गोष्टीवरून सगळ्यांसाठीचा नियम काढायचा, किंवा नियम सांगून एका गोष्टीला बळकटी द्यायची. कवितेत सुंदर दिसतो. मोबाईलवर? 'एका कंडक्टरने मराठी म्हातारीला खाली उतरवलं, हे लोक असेच.' पहिलं वाक्य घटना. दुसरं वाक्य उडी. घटना खरी असेल, तिची तक्रार नाव-तारीख-बस नंबर घालून करा, जरूर करा. पण 'हे लोक असेच' म्हटलं की त्या म्हातारीची तक्रार बाजूला राहते आणि दोन भाषांचं भांडण सुरू होतं. मग त्या कंडक्टरला कोणी जाब विचारत नाही.

आणि छल. न्यायशास्त्रात याचं एक जुनं उदाहरण आहे. कोणी म्हणतं, हा माणूस नवकंबल आहे, म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे. समोरचा म्हणतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते! 'नव' म्हणजे नवीन आणि 'नव' म्हणजे नऊ. बोलणाऱ्याचा अर्थ बाजूला सारून दुसराच अर्थ पकडायचा आणि त्याला खोटा पाडायचं, हा वाक्छल. 'वितंडा' हा शब्दही तिथलाच: स्वतःचं म्हणणं काहीच मांडायचं नाही, फक्त समोरच्याचं खोडत राहायचं. आपण 'वितंडवाद' म्हणतो तो हाच. रात्री दोन वाजता कमेंटमध्ये तुम्ही ज्याच्याशी भांडत असता, त्याला एकदा विचारा, 'तुमचं स्वतःचं म्हणणं काय?' उत्तर आलं नाही तर फोन ठेवा आणि झोपा.

आता थोडं कडू बोलतो. पाहुणे आहात, पण घरचेच आहात.

ही हत्यारं दुसऱ्याच्या हातात ओळखणं सोपं. आपल्या हातात ओळखणं अवघड. आमच्याकडे वारली, कोकणा, धोडिया, काथोडी समाज मोठा. त्यांच्या घरात त्यांची त्यांची बोली. मी आमच्याच माणसांच्या बैठकीत कितीदा ऐकलंय, 'वारली वेगळी कसली, ती मराठीच'. दुसऱ्या बैठकीत दुसरे लोक म्हणतात, ती गुजरातीच्या जवळची. मध्ये बसलेल्या वारली पोराला कोणी विचारत नाही, तुझ्या आईच्या बोलीला तू काय म्हणतोस? भाषाशास्त्रात नातं काय आहे ते अभ्यासक बघतील. पण माणसाची ओळख नाकारून तिच्या जागी आपली ओळख ठेवणं, याचं नाव आपण आत्ताच घेतलं. अपन्हुती. पोर्तुगालने केली तर जुलूम आणि आपण केली तर अस्मिता, असं कसं चालेल?

गोव्यात काय झालं ते आठवा. 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल. विलीनीकरणाला चिन्ह होतं फूल, वेगळं राहायला दोन पानं. महाराष्ट्राच्या बाजूने मोठमोठे वक्ते होते, सत्ताधारी पक्ष होता. विलीनीकरणाच्या बाजूला 1,38,170 मतं पडली, विरोधात 1,72,191. याची कारणं बरीच आहेत. पण त्यातलं एक हे की 'कोकणी ही मराठीची बोली' हे वाक्य घरात कोकणी बोलणाऱ्याला आपलेपणाचं वाटलं नाही, पुसून टाकल्यासारखं वाटलं. आणि दुसऱ्या बाजूने काय केलं? मडगावच्या 'राष्ट्रमत' दैनिकातून विलीनीकरणाच्या विरोधात लेखणी चालली. उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्यातलंच. आणि हे दैनिक होतं मराठी! ज्याला पटवायचंय तो मराठी वाचतो ना, मग त्याच्याशी मराठीत बोलायचं. आपल्याला तो निकाल आवडो न आवडो, धडा घ्यायलाच हवा. श्रोता कुठे उभा आहे तिथून त्यांनी सुरुवात केली. आपण आपण जिथे उभे आहोत तिथून हाका मारत बसलो.

आता दुसऱ्या अर्जाकडे येतो.

तो एक पानाचा होता. पहिल्या ओळीत शाळेचं आणि पाड्याचं नाव, आणि मागणी: पहिली ते चौथीचा मराठी वर्ग पुन्हा सुरू करावा. मग कारण: मुलं किती, कुठल्या वर्गातली, शिक्षकाची जागा कुठल्या महिन्यापासून रिकामी, पुढची मराठी शाळा पाड्यापासून किती लांब आणि पावसाळ्यात मधला ओहोळ किती दिवस अडवतो. मग कलम 350-ए, जसंच्या तसं, 'प्रयत्न करील' या शब्दांसकट. जोडपत्र म्हणून मुलांची यादी, प्रत्येकापुढे पालकाची सही किंवा अंगठा. वारली आणि कोकणा पालकांना आम्ही आधी विचारलं, तुम्हाला कुठल्या माध्यमाचा वर्ग हवा? ज्यांना दुसरं माध्यम हवं होतं त्यांची नावं यादीत घातली नाहीत. यादी बावीसवरून चौदावर आली. एक कार्यकर्ता म्हणाला, काका, बावीसच ठेवा, वजन पडेल. मी म्हटलं, एक जरी पालक साहेबांसमोर 'मी नाही सांगितलं' म्हणाला तर उरलेले तेराही जातील.

भावना अर्जात होती का? होती, एकच ओळ. 'यादीतील अनुक्रमांक 3, 7, 8, 11 आणि 14 ही मुले गेले वर्षभर कुठल्याही शाळेत जात नाहीत.' गळा नाही, वरवंटा नाही. साहेब त्या ओळीवर थांबले. बोट ठेवून यादीत पाचही नावं शोधली.

दिवाळीनंतर एक शिक्षक आला. वर्ग चार वर्षं चालला, मग पट कमी झाला म्हणून बंद झाला. हेगसारखाच निकाल म्हणा, थोडं मिळालं, थोडं गेलं. घरी राहिलेल्या पाचांपैकी तीन परत आली. दोन आली नाहीत, वर्षभरात त्यांची सवय मोडली होती. त्यातला एक आता इथल्या एका प्लास्टिकच्या कंपनीत पॅकिंगला आहे. काही फॉर्म भरायचा असला की माझ्याच दुकानात येतो. सही करताना अजून अवघडतो. मी त्याच्याकडून पैसे घेत नाही. त्याला वाटतं काका चांगले आहेत. त्याला पहिल्या अर्जाबद्दल माहीत नाही.

म्हणून, पोरांनो, परत गेल्यावर एक करा. पुढचं निवेदन, पुढची पोस्ट लिहिली की पाठवायच्या आधी हातात पेन घ्या. प्रत्येक वाक्यापुढे लिहा: ही मागणी, हे कारण, हे उदाहरण, हा अलंकार. मग बघा पानभर नुसते अलंकारच निघतात का. आणि मग ज्याच्याकडे ते जाणार आहे त्याच्या खुर्चीत बसून एकदा वाचा. त्याला विचारता येईल असा पहिला प्रश्न कोणता, त्याचं उत्तर कागदावर आहे का ते बघा.

घोषणा द्या, जोरात द्या. तो 'च' आपलाच आहे. फक्त घोषणा देऊन घरी आलात की कागद काढा आणि पहिल्या ओळीत शाळेचं नाव लिहा.